वरच्या खोलीतली वायर

करिश्माचं काम दुसऱ्यांची अडलेली यंत्रं दुरूनच चालू करून देण्याचं होतं. कंपनी पुण्याची; तिची गिऱ्हाइकं म्हणजे कुठं दवाखाना, कुठं सूतगिरणी, कुठं कॉलेज. त्यांचे सर्व्हर लिनक्सवर चालत. ते अडले की करिश्माच्या कानातला हेडफोन वाजायचा, आणि मुरुममधल्या बापाच्या घरात, माडीवरच्या खोलीत बसून ती ते सोडवायची. पलीकडचा माणूस बहुतेक वेळा घाबरलेला असायचा. ती त्याला सांगायची, "घाबरू नका. एकेक गोष्ट बघू. आधी सांगा, वायरीच्या टोकाशी दिवा लागलाय का?"

फारकत झाल्यावर ती इथं आली होती. पुण्यात एकटं राहायची तिची तयारी होती, पण आई, सिताबाई, फोनवर म्हणाली, "थोडं दिवस घरला ये गं. जिवाला आराम पडंल." वडील धुळाप्पा उमरग्याच्या एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणत. ती आली त्या दिवशी तिची बॅग त्यांनी स्वतः उचलून माडीवर नेली होती. धाकटा भाऊ सुरज गावात केबल-इंटरनेटची कनेक्शनं जोडून द्यायचं काम करायचा. खालच्या राऊटरपासून वरच्या खोलीपर्यंत वायर त्यानंच ओढली. भिंतीला नीट क्लिपा मारल्या, कोपऱ्यात वायर दबणार नाही असं वळण दिलं, आणि म्हणाला, "आक्का, आता तुला पुण्यापेक्षा भारी नेट."

थोड्या दिवसांचं वर्ष झालं, वर्षाचं दीड झालं. कुणी काही म्हणालं नाही. करिश्मानंही विचारलं नाही.

होळी झाली आणि नेट जायला लागलं.

पहिल्यांदा गेलं तेव्हा तिनं लक्ष दिलं नाही. वीज गेली असेल, खांबावर काही झालं असेल. पण खाली टीव्ही चालू होता आणि प्रतीक्षा, सुरजची बायको, मोबाइलवर आपल्या आईशी व्हिडिओवर बोलत होती. बंद होतं ते फक्त वरचं. अर्ध्या तासानं आपोआप आलं. दुसऱ्या दिवशी परत गेलं, नेमकं एका दवाखान्याचा सर्व्हर ती चालू करत होती तेव्हा.

कंपनीचा नियम कडक होता. काम वायरवरच करायचं. दिलेल्या संगणकातलं वायफाय काढूनच टाकलेलं, मोबाइलचं नेट त्याला जोडायला मनाई. तिचे टीम लीडर रणधीर सर पहिल्या आठवड्यात काळजीनं बोलले, दुसऱ्या आठवड्यात तोलून मापून बोलले. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी सांगून टाकलं, "करिश्मा, कामाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण हे असंच राहिलं तर पुढच्या महिन्यापासून तुम्हाला ऑफिसला यावं लागेल. माझ्या हातात नाही."

"मी शोधते सर. मला थोडा वेळ द्या," ती म्हणाली.

लोकांना सांगायची तसंच तिनं स्वतःच्या यंत्रापाशी सुरू केलं. आधी वायर. टेबल ओढून ती भिंतीशी वाकली. खोलीच्या त्या कोपऱ्यात उजेड नव्हता, म्हणून सिताबाईनं मोबाइलचा टॉर्च धरला. वायर बसते त्या जागी हिरवा दिवा लागलेला होता. म्हणजे वायर शाबूत होती. टर्मिनलवर, म्हणजे कमांडा टाकायच्या खिडकीत, बघितलं, तिथंही तेच. जोडणी आहे, वेग पूर्ण आहे. पण संगणकाला पत्ता मिळत नव्हता. घरातलं कुठलंही यंत्र चालू झालं की राऊटरला पत्ता मागतं, राऊटर देतो, आणि मग पुढचं सगळं चालतं. तिचा संगणक मागत होता, परत मागत होता, आणि राऊटर गप्प होता.

"घावलं का?" सिताबाईनं विचारलं.

"न्हाय अजून. टॉर्च जरा खाली धर."

टॉर्चचा उजेड सारखा वायरीवरून भिंतीवर सरकत होता. "दम लागला का तुला? बस की," करिश्मा म्हणाली. आई बसली नाही. उभ्यानंच टॉर्च धरून राहिली.

संध्याकाळी सुरज आला. त्यानं तक्रार न करता वायरीची दोन्ही टोकं कापली, नवे जॅक बसवले, मशीन लावून तपासली. मग आपला जुना लॅपटॉप आणून त्याच वायरीला लावला. लगेच चाललं.

"बघ आक्का," तो म्हणाला, "वायरीत काय न्हाय. तुझ्या डब्यातच खोट हाय. ते लिनक्स का काय ते काढ. विंडोज टाक, चालंल."

"लिनक्सचा काय संबंध?"

"मग तू सांग. तू इंजिनेर."

त्यात टोमणा होता की नव्हता हे तिला कळलं नाही. पण लॅपटॉप तिच्या डोळ्यांदेखत चालला होता, तेव्हा दोष आपल्याच यंत्रात, असं तिनं धरून घेतलं. वायर जिथं बसते त्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर बदलला. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जुना घालून पाहिला, नवा घालून पाहिला. पुण्याला कळवून दुसरं नेटवर्क कार्ड मागवलं. कुरिअर उमरग्यापर्यंतच यायचं. एप्रिलच्या उन्हात एसटीनं जाऊन ती ते घेऊन आली. बसवलं आणि नेट धाडकन सुरू झालं. तिला इतका आनंद झाला की खाली येऊन तिनं सगळ्यांना सांगितलं. सिताबाई म्हणाली, "बरं झालं बाई." आप्पा पेपर वाचत होते, त्यांनी मान वर केली नाही. सुरज म्हणाला, "म्या म्हणलंच हुतं, डब्यातच खोट."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवं कार्डही बंद.

त्या दिवशी ती रडली. नवऱ्याच्या घरातून निघताना ती रडली नव्हती, कोर्टात रडली नव्हती. आपल्याला येतं असं वाटणारी ही एकच गोष्ट उरली होती, आणि तीही हातातून चालली होती. खालून आप्पांचा आवाज आला, "जेवायला ये म्हणावं तिला." तोंड धुऊन ती खाली गेली, आणि समोर ठेवलेली भाकरी गप्प खाल्ली.

जेवताना आप्पा इतकंच म्हणाले, "पुण्याला हाफिसात नेट चांगलं असंल."

"असतं की."

"मग हितं कशाला जिवाला तरास करून घ्यायचा."

तिला ती माया वाटली.

मग एका दुपारी, काम बंद पडून ती नुसतीच बसली होती तेव्हा, तिनं एक साधी गोष्ट करून पाहिली. वायरीतून आत काय येतंय ते नुसतं ऐकायचं. लिनक्समध्ये त्याची कमांड आहे; तिनं ती शंभर वेळा दुसऱ्यांच्या यंत्रांवर चालवली होती. स्क्रीनवर ओळी धावू लागल्या. खालचा टीव्ही कुणाला तरी हाक मारत होता. प्रतीक्षाचा मोबाइल, सुरजचा मोबाइल, दारावरचा कॅमेरा, सगळ्यांच्या हाका तिच्यापर्यंत येत होत्या. तिच्या संगणकानं हाक मारली की उत्तर येत नव्हतं. म्हणजे वायर चांगली, कार्ड चांगलं, ड्रायव्हर चांगला. राऊटरला तिचं ऐकू जात होतं. तो उत्तर देत नव्हता.

मागं एका कॉलेजात असंच झालं होतं. काम सोडून गेलेल्या एका माणसाचा संगणक तिथल्या कुणीतरी राऊटरमध्ये बंद करून ठेवला होता, आणि नंतर त्याच खुर्चीवर आलेल्या मुलीला नेटच मिळेना. प्रत्येक कार्डाला कारखान्यातूनच मिळालेला एक क्रमांक असतो. राऊटरला सांगता येतं, हा क्रमांक दिसला की दारातच अडव. करिश्मानं तो घोळ फोनवर पाच मिनिटांत काढला होता.

तो प्रसंग तिला आठवला. मग तिनं आपल्या कार्डाचा क्रमांक बदलून दुसराच कुठला तरी लावला. त्यालाही एक ओळ पुरते. एंटर दाबलं आणि पत्ता मिळाला. नेट सुरू झालं. कुणाच्याच ओळखीच्या नसलेल्या यंत्राला राऊटरनं लगेच आत घेतलं होतं.

राऊटर सुरजच्या खोलीत होता, आणि तो चालवायचं ॲप सुरजच्या मोबाइलवर.

जुना लॅपटॉप का चालला, नवं कार्ड एकच दिवस का चाललं, सगळं एकदम लक्षात आलं. तरी तिचं मन म्हणत होतं, चुकून झालं असेल. हात लागला असेल. एकदा नाही, इतक्या वेळा हात कसा लागेल, हेही तिला कळत होतं. चुकून झालं असेल तर कळेलच, असं म्हणून ती वाट बघत बसली.

दिवे लागायच्या वेळी सगळे ओसरीत होते. आप्पा खुर्चीत, सिताबाई लसूण सोलत, प्रतीक्षा पाय लांब करून भिंतीला टेकलेली. तिला सातवा महिना होता. सुरज गाडी पुसून नुकताच आत आला होता.

करिश्मा पायरीवर बसत म्हणाली, "नेट चालू झालं. आता न्हाय जायचं."

"काय केलं?" सुरजनं विचारलं.

"सेटिंगमधे खोट हुती. काढली."

"वा," सुरज म्हणाला. मग खिशातला मोबाइल काढून अंगणात गेला.

करिश्मा उठून वर गेली. स्क्रीनवर बाकीच्या यंत्रांच्या ओळी धावतच होत्या. तिनं राऊटरला हाक मारली. उत्तर आलं नाही.

ती जिना उतरून खाली आली तेव्हा सुरज परत ओसरीत येऊन बसला होता.

"सुरज, चालू कर," ती म्हणाली.

"काय?"

"आता अंगणात जाऊन जे बंद केलंस ते."

"म्या काय केलं? फोन आलता मला."

"दुपारी मी कार्डाचा नंबर बदललाय. तो नंबर तुझ्या ॲपशिवाय ह्या घरात कुठं दिसत न्हाय. मी चालू झालं म्हणले आणि लगेच तो नंबर बंद झाला. दुसरं कोण करणार? दाखव मोबाइल."

सुरजनं मोबाइल मांडीखाली सरकवला. लहानपणी चोरलेला पेढा तो असाच लपवायचा. प्रतीक्षानं पदर सावरला आणि दुसरीकडं बघायला लागली. सिताबाईच्या हातातली लसणाची पाकळी खाली पडली, ती तिनं उचलली नाही.

करिश्मा आईकडं बघत राहिली. "आई, तुला म्हाईत हुतं?"

सिताबाई पुढ्यातली सालं गोळा करायला लागली.

"तू टॉर्च धरून उभी हुतीस. मी भिंतीशी वाकून वायरी चाचपत हुते आणि तू टॉर्च धरला हुतास. तवा म्हाईत हुतं?"

"मला त्यातलं काय कळतंय बाई," सिताबाई म्हणाली आणि रडायला लागली.

मग सुरजचा आवाज चढला. "लई दिवस झालं आक्का! घरात मोठ्यानं बोलायचं न्हाय, आक्काचा कॉल हाय. टीव्ही बारीक करा, आक्काचा कॉल हाय. प्रतीक्षाचं बाळंतपण झाल्यावर लेकरू रडंल तर काय करायचं? त्याच्या तोंडाला फडकं लावायचं? ती खोली आमाला पायजे."

"मग खोली माग की. 'आक्का, खोली दे,' एवढं म्हणायला जीभ झडली हुती का?"

"म्या मागणार हुतो. आप्पा नको म्हणले."

ती आप्पांकडं वळली. धुळाप्पांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. आयुष्यभर बसच्या खाली आडवं पडून काम केलेला हा माणूस. त्यांचे हात अजून काळपट होते.

"म्याच सांगितलं त्याला," ते म्हणाले. "तुला जा म्हणायचं माझ्यानं हुईना. म्हणलं, नेट न्हाय चाललं की तुझी तूच जाशील. कुणाला वाईटपणा नको."

"कशाला जायला पायजे मी?"

"मारुतीच्या पारावर बसायचं सोडलं म्या. बसलं की जो त्यो इचारतो, पोरगी कवा जाणार? दुसरं बघितलं का? तू पुण्यात असलीस की लेक नोकरीला हाय म्हणता येतं. हितं असलीस की लेक परत आलेली हाय."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. गाडीत काय बिघडलंय ते सांगावं तसं सांगितलं त्यांनी. करिश्माला वाटलं, ते ओरडले असते तर आपल्यालाही ओरडता आलं असतं.

"महिनाभर मला वाटत हुतं, मलाच काय येत न्हाय," ती म्हणाली. "एवढ्यासाठी मी उमरग्याला उन्हातानात गेले. तुमी सगळ्यांनी बघितलं."

प्रतीक्षा उठून आत गेली. थोड्या वेळानं सुरजनं मोबाइल काढला, काहीतरी दाबलं आणि खाली मान घालून म्हणाला, "केलंय चालू."

"आता राहू दे बंदच."

त्याच आठवड्यात तिनं खोली सोडली. पुण्याला मात्र गेली नाही. मुरुममध्येच, बसस्टँडपाशी, एका खताच्या दुकानाच्या वरची खोली तिनं भाड्यानं घेतली. मालकीण गिरिजाबाई नावाच्या विधवा बाई होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "एकटीच का?" ती हो म्हणाल्यावर म्हणाल्या, "नळाला सकाळी लवकर पाणी येतं. उशीर केला तर मिळत न्हाय."

नेट जोडायला सुरज येईल की काय, अशी तिला धाकधूक होती. त्यानं वैजनाथला पाठवलं, त्याच्याबरोबर काम करणाऱ्याला. वैजनाथला काही माहीत नव्हतं. वायर ओढता ओढता तो म्हणाला, "आक्का, तुमच्या घरी नेट हाय की. मग हितं कशाला?"

"तिथं लागत न्हाय," ती म्हणाली.

रणधीर सरांना तिनं कळवलं, अडचण सुटली. त्यांनी सहज विचारलं, "नक्की दोष कुठं होता? तुम्हाला इतका वेळ लागला म्हणजे काहीतरी वेगळंच असणार."

"नाही सर, साधाच होता. मी चुकीच्या बाजूनं शोधत होते."

खिडकीतून रस्ता दिसायचा. आप्पा बँकेत जाताना त्याच रस्त्यानं जात. दुकानाच्या अलीकडं आले की ते रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला जात आणि पुढं गेल्यावर परत अलीकडं येत. पहिल्यांदा तिला वाटलं, सावली बघून चालत असतील. पण सावली अलीकडंच होती.

पावसाळ्यात प्रतीक्षाला मुलगी झाली. बारशाचं सांगायला सिताबाई आली. बाजारचा दिवस होता, पिशवीत मेथीच्या दोन जुड्या होत्या, त्यातली एक तिनं काढून ठेवली. खोलीभर नजर फिरवून ती म्हणाली, "हवा चांगली येती की."

"चहा ठेवू?"

"ठेव." मग जरा थांबून, "आत्याबिगर बारसं कसं हुणार? कानात नाव तूच सांगायचं."

"सुरज का न्हाय आला बोलवायला?"

"लाजतंय ते."

करिश्मानं चहा गाळला. जायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आई जिना चढत होती तेव्हाच. पण त्या लेकराचं काय चुकलं, असं मनात आलं आणि ती गेली.

घर पाहुण्यांनी भरलं होतं. प्रतीक्षाच्या माहेरची माणसं आळंदहून आली होती, निम्मी कानडीत बोलत होती. पाळणा माडीवरच्या खोलीत बांधला होता. टेबल होतं तिथं आता बाळंतिणीची खाट होती. बायकांनी पाळणा म्हटला. करिश्मा वाकून लेकराच्या कानाशी गेली आणि नाव सांगितलं, शिवांजली. बायकांनी रिवाजाप्रमाणं तिच्या पाठीत धपाटे घातले आणि हसल्या. तीही हसली. सुरज दारात उभा होता. तिनं बघितलं तेव्हा त्यानं मान खाली घातली, पण तो तिथून हलला नाही.

ती खाली उतरली तेव्हा ओसरीत आप्पा व्याह्यांच्या मंडळींना पान देत होते. एका म्हाताऱ्या पाहुण्यानं तिच्याकडं बघून विचारलं, "ही कोण म्हणायची?"

"लेक माझी, थोरली," धुळाप्पा म्हणाले. "पुण्याला असती. मोठ्या कंपनीत हाय. बारशासाठी आलीय, सांच्याला जाईल."

पाहुण्यानं कौतुकानं मान हलवली. आप्पांनी तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत विनंती होती. एवढं चालवून घे, असं.

खरं सांगायला तिला एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या तोंडाशी आलंही. माणसं पान खात होती, आत पंगत बसत होती, वरून लेकराच्या रडण्याचा आवाज येत होता.

"व्हय," ती पाहुण्याला म्हणाली. "गाडीची वेळ झालीच."

सिताबाई हात धुऊन मागोमाग दारापर्यंत आली. "जेवून तरी जा गं. पंगत बसलीय."

"माझी ड्युटी हाय आई," करिश्मा म्हणाली आणि चपला घातल्या. ड्युटी त्या दिवशी नव्हती. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तिनं पदरानं घाम पुसला आणि भर दुपारी, बाजारातल्या सगळ्या ओळखीच्या माणसांसमोरून, बसस्टँडच्या दिशेनं, आपल्या खोलीकडं, चालत गेली.